केरबाच्या व्हॅनचे दुखणे

डोंगराच्या उतारावर कलतेवाडी नावाचे एक गाव होते आणि त्या गावात केरबा नावाचा एक व्हॅनवाला राहत होता. गाव नावासारखेच कललेले होते. घरे एकमेकांच्या डोक्यावर बसल्यासारखी वर चढत गेली होती. अंगणात पाण्याची घागर ठेवायची तर आधी तिच्या खाली दगडाची चीप सारावी लागे. मुले चेंडू खेळत, पण तो खाली गेला की खेळ संपला असे समजत.

केरबाचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला होता. तरुणपणी तो दिवसभर घराच्या ओट्यावर बसून असे. माणसे शेताला जात, बाजाराला जात, लग्नाला जात आणि परत येत. केरबा त्यांना जाताना बघे आणि येताना बघे. कोणी विचारले, बरा आहेस का, की तो म्हणे, बरा आहे. याहून जास्त त्याला कोणी विचारत नसे आणि तोही सांगत नसे.

पुढे गावात फिरता दवाखाना येऊ लागला. दवाखाना म्हणजे एक मोठी पांढरी व्हॅन आणि एक डॉक्टरीणबाई. बाईंनी केरबाला आजाऱ्यांना हाका मारायचे काम दिले. व्हॅन जुनी होती. परदेशातल्या कोणीतरी ती दवाखान्याला भेट म्हणून पाठवली होती. तिचे गिअर आपोआप बदलत. तिला क्लच नव्हता, त्यामुळे चालवणाऱ्याच्या डाव्या पायाला कामच नव्हते. ही गोष्ट एके दिवशी बाईंच्या ध्यानात आली. त्यांनी केरबाला चालकाच्या जागी बसवले आणि स्वतः शेजारी बसल्या. महिनाभरात केरबा घाट उतरायला शिकला.

बाई म्हाताऱ्या झाल्या, दवाखाना बंद झाला. जाताना त्यांनी किल्ली केरबाच्या हातात ठेवली. म्हणाल्या, "तुझ्यासाठीच बनवल्यासारखी आहे ही. नीट सांभाळ, ही तुला सांभाळेल."

तेव्हापासून कलतेवाडीला पाय फुटले. सकाळी केरबाचा हॉर्न वाजला की माणसे चपला शोधू लागत. कोणाला तालुक्याच्या दवाखान्यात जायचे असे, कोणाला मुलीच्या घरी, कोणाला बाजारात पडवळे आणि कारली विकायला. घाटाच्या वाटेवर पूर्वी ज्यांचे गुडघे जात, ते आता व्हॅनमध्ये बसून पानाला चुना लावत. आणि केरबा आता ओट्यावर बसत नसे. ओट्यावर त्याची बायको हौसा मिरच्या वाळत घाली.

या गावाची एक रीत होती. कोणाला मदत करायची तर ती दिसू द्यायची नाही. कोणाच्या दारात सरपणाची मोळी पडलेली सापडे, कोणाच्या परसात न लावलेले वाफे लावलेले दिसत. कोणी केले असे विचारले तर सगळे माना हलवत. मदत बोलून दाखवली की समोरचा माणूस मिंधा होतो, असे गावाला वाटे. रीत चांगली होती. पण तिच्यामुळे गावात सगळ्यांना सगळे ठाऊक असे, आणि तरीही कोणी कोणाशी त्याबद्दल बोलत नसे.

एकदा केरबाला व्हॅनखाली, अंगणात, एक लाल ठिपका दिसला. गिअरचे तेल लाल असते हे त्याला ठाऊक होते. त्याने तालुक्याला गेल्यावर खाली वाकून पाहिले. तेलाच्या एका रबरी नळीची पकड सैल झाली होती. त्याने ती घट्ट केली. ठिबकणे थांबले. सपाट जागी, इंजिन गरम आणि चालू ठेवून त्याने तेल मोजायची पट्टी काढून पाहिली, कारण बाईंनी तसेच शिकवले होते. तेल खुणेवर होते. केरबा निश्चिंत झाला आणि घरी परतला. पण ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही. गाडी आता म्हातारी झाली, असे कोणी म्हणू नये, एवढेच त्याच्या मनात होते.

ठिबकणे थांबले, पण अंगणातला डाग तसाच राहिला.

तो डाग पहिल्यांदा शिरपाला दिसला. शिरपा पूर्वी एसटीत कंडक्टर होता. गाड्यांमधले आपल्याला कळते, असे त्याला वाटे, आणि थोडेफार कळतही होते. तो सकाळी अंगणावरून जाताना थांबला. केरबा आत अंघोळ करत होता. शिरपाने बॉनेट उघडून पट्टी काढली. पट्टीच्या टोकाला तेल जेमतेम लागले होते.

आता यात एक गोष्ट होती. व्हॅन उतारावर उभी होती. तिचे नाक वर आणि शेपूट खाली. गिअरच्या पेटीतले तेल मागच्या बाजूला जाऊन साचले होते आणि पट्टी होती पुढच्या बाजूला. तेल पुरेसे होते, पण पट्टीपर्यंत पोचत नव्हते. शिरपाने हे ध्यानात घेतले नाही. त्याचा जन्म उतारावर गेला होता. उताराचे त्याला वेगळे काही वाटतच नसे. त्याने तालुक्याहून लाल तेलाची बाटली आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नरसाळे लावून हळूच ओतली. केरबाला काही बोलला नाही. केरबाचे मन त्याला मोडायचे नव्हते.

वरच्या आळीत इठाक्का राहत असे. तिच्या जिभेला हाड नव्हते आणि काळजात दगड नव्हता. व्हॅनमध्ये पुढची जागा तिची, हे ठरलेले होते. तिनेही डाग पाहिला. तिने पट्टीबिट्टी पाहिली नाही. गाडी रडते आहे, म्हणजे तिला प्यायला हवे, असा तिने सरळ हिशेब केला. बाजाराच्या दिवशी तिने दुकानातून बाटली आणली. दुपारी केरबा जेवून लवंडला की ती यायची, नरसाळे पदराने पुसायची आणि तेल ओतून निघून जायची.

आणि हौसा रोज अंगण झाडत होती. डाग तिच्या झाडूखाली रोज येत होता. नवरा बोलत नाही, म्हणजे त्याला काळजी वाटते आहे, हे तिने ओळखले. मग तिनेही एक बाटली आणवून चुलीमागे ठेवली.

तालुक्याच्या दुकानदाराला नवल वाटे. कलतेवाडीत अशी गाडी एकच, मग लाल तेल एवढे जाते कुठे? पण गिऱ्हाइकाला असे विचारायचे नसते, म्हणून तोही गप्प राहिला.

गिअरच्या तेलाचे असे आहे की ते कमी पडले तरी वाईट आणि जास्त झाले तरी वाईट. जास्त झाले की आत फिरणारी चाके ते घुसळतात. घुसळले की फेस येतो. फेसात जोर नसतो, तो गिअर धरू शकत नाही. शिवाय गरम झाल्यावर तो पेटीच्या श्वासाच्या छिद्रातून बाहेर येतो आणि खाली ठिबकतो.

त्यामुळे अंगणात आता खरोखरच नवे ठिपके पडू लागले. ठिपके दिसले की गाडीत तेल पडे. तेल पडले की ठिपके वाढत. गावाची माया नरसाळ्यातून गाडीत जात होती आणि गाडीखालून अंगणात येत होती.

केरबाला पहिल्यांदा घाटात कळले. दुसरा गिअर सुटून तिसरा पडायचा त्या जागी इंजिन नुसतेच ओरडले आणि मग गाडीने मागून कोणी ढकलल्यासारखा धक्का खाल्ला. पुढच्या आठवड्यात चढावर असे झाले की पाय दाबला तर इंजिन जोरात आणि गाडी जागच्या जागी. क्षणभर थांबून ती पुन्हा धरायची.

केरबा घाबरला, पण त्याने घाई केली नाही. गाडी केव्हा नीट चालते आणि केव्हा नाही, हे तो बघू लागला. सकाळी गार असताना ती शहाण्यासारखी वागे. तापली की बिघडे. सपाटीवर कमी, चढावर जास्त. थोडा वेळ उभी केली की पुन्हा बरी होई. अ‍ॅक्सिलरेटरपासून गिअरच्या पेटीकडे जाणारी तार त्याने तपासली, ती सैल नव्हती. इंजिनपासून येणारी हवेची नळी त्याने बोटांनी चाचपली, तीही फुटलेली नव्हती. तरी त्याने ती बदलली. काही फरक पडला नाही.

एक गोष्ट मात्र तो टाळत होता. तेलाची पट्टी. बाईंनी त्याला सांगितले होते की तेल लाल असेल तर गाडी बरी होते. काळे आणि जळक्या वासाचे असेल तर गिअर धरणाऱ्या आतल्या चकत्या जळून गेल्या असे समजावे. पट्टी काढली आणि ती काळी निघाली तर? आजार आपल्याला ठाऊक आहे, पण त्याचे नाव ऐकायचे नाही, अशी माणसे असतात. केरबा तसा झाला. तो पट्टी काढत नसे. अंगणातले ठिपके बघून तो आपला अंदाजाने थोडे तेल ओतत असे. त्यानेही आपली बाटली सीटखाली दडवली होती.

घाटाच्या मध्यावर एका देवीची घुमटी होती. गाडीला विसावा मिळावा म्हणून केरबा तिथे थांबू लागला. उतरायचा, फुले वाहायचा, उगाच हात जोडून उभा राहायचा. तोवर गाडी गार व्हायची. माणसांना वाटले की केरबा देवभोळा झाला.

इठाक्का म्हणाली, "एवढी वर्षं देवीनं तुझी वाट बघितली, लेका. आता रोज तिला उठवतोस होय?"

गाडीतली माणसे हसली. केरबाही हसला.

शेवटी तो तालुक्यातल्या बापू मिस्त्रीकडे गेला. बापू चांगला माणूस होता. त्याने इंजिन बंद करून पट्टी काढली आणि म्हणाला की तेल भरपूर आहे, तेव्हा दुखणे तेलाचे नाही. केरबाने पट्टीकडे बघितलेच नाही, तेलाचा रंगही विचारला नाही. मग त्याने गाडी चढावर फिरवून आणली आणि मान हलवली. असले गिअर त्याने कधी उघडले नव्हते आणि यांचे सामान कुठे मिळते हेही त्याला ठाऊक नव्हते. त्याने एक उपाय सुचवला. एका दुसऱ्या गाडीची साधी, क्लचची गिअरपेटी त्याच्या पाहण्यात होती. ती या व्हॅनला बसवता येईल.

केरबाने स्वतःच्या डाव्या पायाकडे पाहिले.

बापूलाही ते दिसले. तो हलक्या आवाजात म्हणाला, "गाडी चालेल, केरबानाना. चालवायला दुसरा कुणीतरी बघावा लागेल."

केरबा बरे म्हणाला. बापू येत्या सोमवारी पेटी घेऊन गावात येणार, असे ठरले. परत येताना केरबाला रस्ता नीट दिसत नव्हता. गावाचे काही अडणार नव्हते. शिरपाचा पुतण्या गाडी चालवू शकत होता. पांढरी व्हॅन रोज सकाळी निघणार होती आणि केरबा पुन्हा ओट्यावर बसून तिला जाताना बघणार होता आणि येताना बघणार होता.

हे त्याने हौसालाही सांगितले नाही.

सोमवारच्या आधी शनिवारचा बाजार आला. शेवटचा बाजार आपणच न्यायचा, असे केरबाने ठरवले. जाताना उतार होता, गाडी बरी चालली. परतताना गाडी माणसांनी आणि भाजीच्या रिकाम्या पाट्यांनी भरली होती. इठाक्का पुढे बसली होती. मागे शिरपा, हौसा आणि बाजारची मंडळी. दुपारच्या उन्हात घाट तापला होता.

घुमटी अजून बरीच वर होती, तेवढ्यात गाडीने सोडून दिले. केरबाने पाय दाबला, इंजिन ओरडले, चाके फिरली नाहीत. गाडी हातभर मागे सरकली. केरबाने ब्रेक दाबला आणि हातानेही ब्रेक ओढला. शिरपाने उडी मारून चाकांमागे दगड लावले. कोणाला काही झाले नाही. पण एका म्हातारीने शेजारणीचा हात धरला होता, तो ती सोडत नव्हती. केरबाला आरशातून ते दिसले.

त्याला खोटे बोलणे सोपे होते. इंजिन तापले आहे, विसावा घेऊ, असे म्हटले असते तर सगळ्यांनी मानले असते. गाडी गार झाल्यावर घरापर्यंत पोचलीही असती. पण त्याने मागे वळून सगळ्यांकडे पाहिले.

तो म्हणाला, "गाडी आजारी आहे. महिना झाला. मी तुमच्यापासून लपवलं. देवीला फुलं वाहत नव्हतो, गाडी गार करत होतो. आज तुम्हाला यात बसवायला नको होतं. सोमवारी मिस्त्री क्लचचे गिअर बसवणार आहे. मग मला ही चालवता यायची नाही. ते तुम्हाला कसं सांगायचं, ते मला कळत नव्हतं."

आयुष्यात पहिल्यांदा केरबाने आपल्याला काही होते आहे असे म्हटले होते आणि त्यावर काय बोलावे हे गावाला ठाऊक नव्हते.

मग शिरपा खाकरला. इकडेतिकडे बघत म्हणाला की तेल तर कमी नसणार, कारण तो स्वतः वरचेवर घालतो आहे.

इठाक्काने मान वळवली. "तू घालतोस? मग मी काय घालत होते?"

मागून हौसा अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, मीपण."

केरबाच्या कपाळाची शीर उडाली. त्याची गाडी, त्याचे पोट, त्याचे पाय, आणि हे सगळे त्याला न विचारता तिच्या तोंडात तेल ओतत होते. यांच्यापायी तो ओट्यावर बसणार होता. त्याच्या ओठांवर मोठा शब्द आला. तेवढ्यात खाली गेलेला त्याचा हात सीटखालच्या बाटलीला लागला. ती त्याची स्वतःची बाटली होती, आणि अर्धी रिकामी होती.

शब्द ओठांवरच राहिला. त्याने बाटली बाहेर काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी समोर धरली.

इठाक्का म्हणाली, "अगं बाई, सासूसकट सगळ्यांनीच मीठ घातलं म्हणायचं आमटीत."

पहिल्यांदा हौसा हसली. मग शिरपा. मग ज्या म्हातारीने शेजारणीचा हात धरला होता, तीही हसली आणि तिने हात सोडला.

केरबा खाली उतरला. महिनाभरात पहिल्यांदा त्याने पट्टी ओढून काढली. सगळे वाकून बघू लागले. पट्टीवर तेल नव्हतेच. पट्टीभर गुलाबी फेस होता, धारोष्ण दुधावर येतो तसा. केरबाने ती नाकाजवळ नेली. एकदा वास घेतला, पुन्हा एकदा घेतला. मग पट्टी हौसाच्या नाकाजवळ धरली.

"जळका येतो का गं?"

हौसा म्हणाली, "न्हाई. नुसता तेलाचा."

केरबा रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला. आतल्या चकत्या शाबूत होत्या.

त्या दिवशी माणसे घाट चालत चढली. केरबाने कोणालाही गाडीत बसू दिले नाही. फेस बसल्यावर तो एकटाच रिकामी गाडी हळूहळू वर घेऊन आला आणि शिरपा दगड हातात घेऊन मागून चालत राहिला.

आता तेल नीट मोजायचे तर सपाट जागा हवी होती. कलतेवाडीत सपाट जागा एकच होती, इठाक्काचे खळे. तिथे धान्य मळत, म्हणून तिथे कोणी चप्पल घालून जात नसे. केरबाला हे ठाऊक होते. गाडी तालुक्याला नेऊ, असे तो म्हणू लागला. पण मग तो थांबला आणि त्याने इठाक्काला सरळच विचारले, खळे मिळेल का.

इठाक्का म्हणाली, "मिळेल की. पण पाय धुऊन येऊ दे तिला."

बायकांनी घागरी आणल्या आणि व्हॅनची चारही चाके घासून धुतली. चाकांच्या नक्षीत अडकलेले खडे काड्यांनी काढले. मग पांढरी व्हॅन, ओल्या पायांनी, सारवलेल्या खळ्यात येऊन उभी राहिली. ती आयुष्यात प्रथमच त्या गावात सरळ उभी होती. अनवाणी माणसे तिच्याभोवती जमली.

केरबाने इंजिन चालू ठेवून गरम होऊ दिले. दांडा एकेका गिअरमध्ये नेऊन परत गाडी उभी ठेवायच्या खाचेत आणला. पट्टी पुसली, आत घातली, काढली. तेल वरच्या खुणेच्याही बरेच वर होते. बापूने भरपूर म्हटले होते ते हेच. कमतरता शोधायला सगळे निघाले होते, म्हणून जास्तीचे कोणाच्या डोळ्यांत आले नाही.

व्हॅनच्या मागच्या पेटीत दवाखान्याचे जुने सामान होते. त्यातली एक मोठी सिरिंज आणि सलाईनची नळी केरबाने घेतली. इंजिन बंद करून त्याने नळी पट्टीच्या भोकातून आत सोडली आणि तेल ओढू लागला. थोडे काढायचे, गाडी चालू करायची, मोजायचे, बंद करायची, पुन्हा थोडे काढायचे. घाई केली असती तर तेल कमी झाले असते आणि मग पुन्हा ओतावे लागले असते. हौसा पातेले धरून बसली होती. ऊन कलले तरी कोणी घरी गेले नाही. शेवटी तेल बरोबर खुणेवर आले आणि तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी केरबा एकटाच घाट उतरून गेला आणि चढून आला. दुसऱ्यावरून तिसरा गिअर असा पडला की कळलेही नाही. तो परत खाली गेला आणि पुन्हा वर आला, गाडी पूर्ण तापू दिली, तरी तिने धरलेले सोडले नाही. तेव्हा कुठे त्याने माणसांना बसायला सांगितले. इठाक्का आधीपासूनच रस्त्याच्या कडेला उभी होती.

बापू मिस्त्रीला त्याने फोन करून सगळे सांगितले. बापू मोकळेपणाने म्हणाला की बरे झाले. त्याला त्या गिअरमधले काही कळत नव्हते, म्हणूनच तो ते बदलायला निघाला होता. कधी आलात तर मोजायची पद्धत मलाही दाखवा, असेही म्हणाला.

काही दिवसांनी सकाळी शिरपा केरबाच्या अंगणात आला. त्याच्या हातात काही नव्हते. तो थोडा वेळ घुटमळला. मग त्या गावात कोणी कोणाला न विचारलेली गोष्ट त्याने विचारली.

"केरबा, तुला काही पाहिजे का?"

काही नको, हे शब्द केरबाच्या तोंडात तयारच होते. सगळा जन्म तो तेच म्हणत आला होता. ते त्याने गिळले आणि थोडा विचार केला.

तो म्हणाला, "टपावरच्या पाट्या बांधायला मला वर चढावं लागतं. त्यानं डावा पाय फार दुखतो. तू चढशील?"

शिरपा म्हणाला, "एवढी वर्षं तूच चढत होतास? सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

शिरपाने चपला काढल्या, मागच्या शिडीवर पाय ठेवला आणि टपावर चढला. केरबा खालून एकेक पाटी वर देऊ लागला.

तात्पर्य: आपले दुखणे आपल्या माणसांना सांगावे, आणि आपल्या माणसाला मदत करायची तर आधी त्याला विचारावे, कारण न सांगता सोसलेले आणि न विचारता दिलेले, दोन्ही एकाच गाडीत साचत जाते आणि चढावर तिला थांबवते.